पाहुण्यांची सेवा, यजमानांचा भुर्दंड

जुलै २००७. दक्षिण कोरियातल्या इंचॉन विमानतळावर एका चर्चच्या गटाने निघण्यापूर्वी एकत्र फोटो काढला. ज्या फलकाशेजारी ही तरुण मंडळी हसत उभी होती तो कोरियन सरकारचा होता. अफगाणिस्तानचा प्रवास टाळा, असे त्यावर बजावलेले होते. गट अफगाणिस्तानलाच चालला होता.

सोलजवळच्या बुंदांग भागातल्या सॅम्मुल प्रेस्बिटेरियन चर्चचे हे सभासद. बहुतेक विशी-तिशीतले, आणि त्यांत स्त्रिया जास्त. कार्यक्रम सुमारे दहा दिवसांचा होता : उत्तरेकडे मझार-ए-शरीफमध्ये थोडे काम, मग दक्षिणेला कंदाहारमध्ये वैद्यकीय मदत आणि मुलांसाठी उपक्रम. आपण धर्मप्रचाराला नव्हे, सेवेला माणसे पाठवली, असे चर्चने नंतर सांगितले. त्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. या लेखापुरता तो प्रश्न महत्त्वाचाही नाही, कारण पुढे जे घडले ते हेतू शुद्ध असूनही घडले.

१९ जुलैला हा गट भाड्याच्या बसने काबूलहून कंदाहारकडे निघाला. अफगाणिस्तानात राहून काम करणारे काही कोरियनही दुभाषे आणि वाटाडे म्हणून सोबत होते. सगळे मिळून तेवीस जण : सोळा स्त्रिया आणि सात पुरुष. आदल्याच दिवशी त्या महामार्गावरच्या वर्दक प्रांतातून दोन जर्मन अभियंत्यांना पळवून नेण्यात आले होते. बस या रस्त्याने जाणार असल्याचे आपल्याला कळवलेच नव्हते, असे गझनीच्या पोलिसांनी नंतर सांगितले. गझनी प्रांतातल्या कराबागजवळ तालिबानने बस अडवली. आठवडा उलटायच्या आत गटाचे नेतृत्व करणाऱ्या पाळकांना गोळ्या घातल्या गेल्या आणि त्यानंतर काही दिवसांनी एका एकोणतीस वर्षांच्या तरुणाला. दोन स्त्रियांची १३ ऑगस्टला सुटका झाली. उरलेले एकोणीस जण २९ आणि ३० ऑगस्टला सुटले, तेही कोरियन सरकारने तालिबानच्या प्रतिनिधींसमोर बसून वाटाघाटी केल्यावर.

या घटनेची आठवण निघते तेव्हा चर्चा बहुधा त्या तेवीस जणांभोवती फिरते. कुणी त्यांना हुतात्मे म्हणतो, कुणी मूर्ख. दोन्ही बाजूंना एक गोष्ट दिसत नाही. या प्रवासाची किंमत प्रवाशांनी मोजली, पण एकट्या त्यांनी नाही. बरीचशी किंमत अशा लोकांनी मोजली ज्यांना कुणी विचारलेच नव्हते. परदेशातल्या अल्पकालीन मिशन दौऱ्यांबद्दल सावधगिरीचा इशारा द्यायचा तर तो इथून द्यावा लागतो.

हिशेब मांडून पाहू. कोरियाने वाटाघाटीत दोन गोष्टी कबूल केल्या. बग्रामच्या तळावर असलेले आपले सुमारे दोनशे वैद्यकीय आणि अभियांत्रिकी सैनिक वर्षअखेर परत न्यायचे आणि अफगाणिस्तानातले कोरियन मिशनकार्य थांबवायचे. सैन्य माघारी घ्यायचे आधीच ठरलेले होते, त्यामुळे पहिल्या कबुलीने फारसे बिघडले नाही. दुसरीचा फटका मात्र वर्षानुवर्षे तिथे राहिलेल्या, भाषा शिकलेल्या, दवाखाने आणि शाळा चालवणाऱ्या कोरियन कार्यकर्त्यांना बसला. त्यांनाही देश सोडावा लागला. दहा दिवसांसाठी आलेल्यांमुळे कायमचे राहिलेले बाहेर पडले आणि त्यांच्याकडे उपचार घेणारे किंवा शिकणारे अफगाण उघड्यावर पडले. त्या अफगाणांची नावे कोणत्याही बातमीत आली नाहीत.

तालिबानच्या हाती मात्र पुष्कळ लागले. एका सार्वभौम देशाचे अधिकारी त्यांच्याशी थेट बोलले. आम्ही यापुढेही परदेशी लोकांना असेच पळवू, असे त्यांच्या प्रवक्त्याने सुटकेनंतर सांगून टाकले. म्हणजे त्या महामार्गावरून पुढे जाणाऱ्या प्रत्येक परदेशी डॉक्टराचा, अभियंत्याचा, पत्रकाराचा धोका वाढला. त्याहून वाढला तो त्यांच्या अफगाण चालकांचा आणि दुभाष्यांचा. त्याच वर्षी मार्चमध्ये एका इटालियन पत्रकाराची तालिबानी कैद्यांच्या बदल्यात सुटका झाली होती. त्याच्या अफगाण दुभाष्याचा मात्र शिरच्छेद झाला. परदेशी माणसासाठी देश उभा राहतो, स्थानिक माणसासाठी कुणी सौदा करत नाही, हे चार महिन्यांपूर्वीच दिसून आलेले होते.

हा पहिला इशाराही नव्हता. आदल्या वर्षी, ऑगस्ट २००६मध्ये, काबूलमध्ये ‘शांतता महोत्सव’ भरवायला हजाराहून अधिक कोरियन ख्रिस्ती, मुलाबाळांसह, जमले होते. अफगाण सरकारने त्यांना परत पाठवले. २००४मध्ये इराकमध्ये एका कोरियन दुभाष्याची हत्या झाली होती, आणि त्यालाही पुढे मिशनकार्यात जायचे होते. इतके सगळे माहीत असताना सुशिक्षित, जबाबदार माणसांचा एक गट त्या बसमध्ये का बसला?

त्यांना धाडसी किंवा अविवेकी म्हणून हा प्रश्न सुटत नाही. अशा दौऱ्याची घडणच तशी असते. कोरिया तेव्हा परदेशी मिशनरी पाठवण्यात अमेरिकेच्या खालोखाल होता आणि उन्हाळ्याच्या सुटीत तरुणांचे गट बाहेर पाठवणे हा मोठ्या चर्चचा वार्षिक परिपाठ झाला होता. असा दौरा ठरताना आधी तारखा ठरतात आणि त्या जाणाऱ्यांच्या रजेवरून ठरतात. मग निधी जमतो, कुणी दानार्पणातून देतो, कुणी पगारातून. रविवारच्या उपासनेत गटाला सर्वांसमोर उभे करून त्यांच्यासाठी प्रार्थना होते. इतके झाल्यावर आयत्या वेळी ‘रस्ता बरोबर नाही, यंदा नको’ म्हणायला जे धैर्य लागते ते बसमध्ये बसायला लागणाऱ्या धैर्यापेक्षा जास्त असते. आणि दहाच दिवस असल्याने थांबून चौकशी करायला, दोन दिवस वाट पाहायला, बेत बदलायला वेळच नसतो. धोका ओळखायला जे ज्ञान लागते ते मुक्कामाने येते, आणि हे दौरे मुक्काम वजा करूनच आखलेले असतात.

परतल्यावर गट साक्ष देतो, फोटो दाखवतो. दौरा यशस्वी झाला की नाही, हे त्याच सभागृहात ठरते. तिथे जिच्याकडे गट गेला होता त्या मंडळीतले कुणी नसते. असते तरी ते काय बोलणार? पाहुण्याला नावे ठेवू नयेत, ही रीत जगात सगळीकडे आहे. शिवाय पुढच्या वर्षीची मदत याच पाहुण्यांच्या हातात असते. म्हणून यजमान पाळक ‘तुमच्या येण्याने मोठा आशीर्वाद मिळाला’ असे म्हणतात आणि पाठवणारी मंडळी ते वाक्य अहवालात लिहून घेते. चूक झाली तर ती दाखवून देणारी एकही वाट या व्यवस्थेत ठेवलेली नसते.

कराबागसारखे अपहरण विरळा घडते. बहुतेक गट सुखरूप जातात, सुखरूप येतात. पण भुर्दंड पडायला बंदूक लागत नाही. शांत गावातही तो पडतो, फक्त कुणाच्या नजरेत येत नाही. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाउ यांनी २००५च्या पाहणीवरून अंदाज केला होता की, चर्चचे सुमारे १६ लाख सभासद दरवर्षी अशा परदेशी दौऱ्यांवर जातात. इतक्या माणसांच्या तिकिटांचा, राहण्याचा, विम्याचा खर्च काही कोटी डॉलरांत थांबत नाही.

या पैशाचे काय होते, याचा एक चांगला अभ्यास होंडुरासमध्ये झाला. १९९८च्या मिच चक्रीवादळाने तिथे हजारो घरे वाहून गेली. उत्तर अमेरिकेतून चर्चचे गट घरे बांधायला आले. होंडुरासमध्येच राहणारे, स्वतः ख्रिस्ती असलेले समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी काही वर्षांनी हिशेब तपासला. गटाच्या प्रवासासकट धरले तर परदेशी हातांनी बांधलेले एक घर सुमारे ३० हजार डॉलरला पडले होते. स्थानिक ख्रिस्ती संस्था तसेच घर सुमारे दोन हजार डॉलरमध्ये बांधत होती. पाहुण्यांनी बांधलेल्या घरात राहणाऱ्या कुटुंबांच्या जगण्यात इतरांहून वेगळा असा काही फरकही दिसला नाही. त्या लोकांना विचारल्यावर त्यांनी सौजन्याने सांगितले की पाहुणे आले ते चांगलेच झाले, पण त्या पैशांतून आणखी घरे झाली असती तर बरे झाले असते. एका घराच्या खर्चात पंधरा घरे उभी राहिली असती. उरलेली चौदा कुटुंबे कोणत्याही फोटोत नव्हती.

घरे बांधणाऱ्या गवंड्याचेही तेच. वादळानंतर त्याला सर्वांत जास्त गरज कामाची होती, आणि ते काम हातात कधी थापी न धरलेले विद्यार्थी फुकट करून गेले. रॉबर्ट लप्टन यांनी आपल्या पुस्तकात मेक्सिकोतल्या एका चर्चचा दाखला दिला आहे. एका उन्हाळ्यात सहा वेगवेगळ्या गटांनी त्या चर्चला सहा वेळा रंग दिला. हे वाचून हसू येते, पण गावात रंगारी असेल तर त्याला हसू येण्यासारखे त्यात काही नाही.

सगळ्यांत जड हिशेब मुलांचा आहे. १२ जानेवारी २०१०ला हैतीत भूकंप झाला. महिना संपायच्या आत अमेरिकेतल्या आयडाहोकडचे दहा बाप्टिस्ट स्वयंसेवक तेहतीस मुलांना बसमध्ये घालून कागदपत्रांशिवाय डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या सीमेवर पोहोचले आणि पकडले गेले. मुले अनाथ असल्याचे ते सांगत होते. चौकशीत कळले की बहुतेकांचे आईवडील जिवंत होते. शिक्षणाच्या आणि चांगल्या आयुष्याच्या आशेने त्यांनी मुले हवाली केली होती. स्वयंसेवकांपैकी बहुतेकांवरचे आरोप पुढे मागे घेतले गेले. गटप्रमुख महिलेला बेकायदा प्रवासाची व्यवस्था केल्याबद्दल दोषी ठरवले गेले आणि तुरुंगात काढलेला काळ हीच शिक्षा धरून सोडून देण्यात आले. त्या मुलांनी मात्र भूकंपानंतरचे दिवस आईवडिलांऐवजी आश्रयगृहात काढले.

हे टोकाचे उदाहरण म्हणून बाजूला सारता येईल. तर मग रोजचे पाहू. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात मुलांच्या निवासी संस्था सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. त्या काळात देशात अनाथ वाढले नव्हते. त्या संस्थांतल्या मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात होते. वाढले होते ते परदेशी देणगीदार आणि भेट देणारे. अनाथाश्रमाला भेट हा दौऱ्याचा भाग झाला की अनाथाश्रमाला मुले लागतात, आणि ती गरिबांच्या घरांतून आणली जातात. जे पैसे त्या मुलाच्या आईला दिले असते तर मूल घरीच शिकले असते, तेच पैसे त्याला घरापासून तोडण्याचे कारण होतात. त्यात दर पंधरवड्याला नवे ताई-दादा येतात, कडेवर घेतात, गाणी शिकवतात आणि निघून जातात. वारंवार तुटणाऱ्या लळ्याचा मुलांवर काय परिणाम होतो, हे बालमानसशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

या सगळ्यावर नेहमी दिले जाणारे उत्तर असे : काम थोडे झाले तरी जाणारा माणूस बदलतो, तो आयुष्यभर अधिक देतो, अधिक प्रार्थना करतो. व्हर बीक यांनी हेही तपासले. परतलेल्यांपैकी अनेकांनी आपले देणे वाढल्याचे सांगितले, पण देणगीच्या नोंदी पाहिल्यावर तसा मोठा फरक आढळला नाही. आणि समजा तो आढळला असता, तरी प्रश्न राहतोच. श्रीमंत देशातल्या तरुणाच्या आत्मिक वाढीसाठी गरीब देशातले गाव वापरायचे, हे सेवेच्या कोणत्या व्याख्येत बसते? कॅथलिक धर्मगुरू इव्हान इलिच यांनी १९६८च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतल्या कुएर्नावाका इथे अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांना तोंडावर हेच सुनावले होते. बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असा त्यांच्या भाषणाचा सारांश होता. ते चर्चबाहेरून बोलत नव्हते.

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. श्रद्धावान माणूस जोखीम घेणारच, नाहीतर श्रद्धा कसली? इथे फरक करायला हवा. स्वतःच्या जिवावर घेतलेली जोखीम ही श्रद्धेची बाब असू शकते. दुसऱ्याच्या जिवावर, त्याला न विचारता घेतलेली जोखीम ही श्रद्धेची बाब नाही. नोव्हेंबर २०१८मध्ये अंदमानातल्या नॉर्थ सेंटिनेल बेटावर गेलेला सव्वीस वर्षांचा अमेरिकन तरुण मारला गेला, तेव्हा जगभर चर्चा त्याच्या धाडसाची झाली. त्याला बेटाजवळ नेणारे मच्छीमार आणि त्याला मदत करणारे असे सात जण अटकेत गेले. बाहेरच्या जगातल्या रोगांशी झुंजायची शक्ती नसलेल्या सेंटिनेली लोकांना त्याच्या शरीरातून काय पोहोचू शकले असते, हा प्रश्न त्याच्या निर्णयात कितीसा होता?

महाराष्ट्रातल्या मंडळ्यांना हा विषय परका नाही. परदेशी गट इथेही येतात. पर्यटक व्हिसावर आलेल्या पाहुण्याला भारतात उपासनेला बसता येते, पण प्रवचन करणे, धर्मप्रचाराची पत्रके वाटणे, धर्मांतराचा प्रचार करणे यांना परवानगी नाही. नियम मोडला तर पाहुण्याला विमानात बसवून परत पाठवतात. पोलीस ठाण्यात खेटे घालायचे, शेजाऱ्यांच्या संशयाला उत्तरे द्यायची आणि पुढच्या रविवारी दार उघडायचे, हे सारे गावातल्या पाळकाच्या वाट्याला येते. आपल्याकडूनही कुणी नेपाळला जाऊ म्हणते, कारण भारतीयाला तिथे व्हिसा लागत नाही. पण नेपाळच्या २०१५च्या राज्यघटनेत दुसऱ्याचे धर्मांतर करण्याला मनाई आहे आणि २०१८पासून लागू झालेल्या दंडसंहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आपला गट गोरखपूरच्या गाडीत बसल्यावर मागे जो खटल्याला तोंड देतो तो नेपाळी पाळक असतो.

मराठी मुलखाला दुसऱ्या प्रकारचे मिशनरीही माहीत आहेत. फादर थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात उतरले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले १६१६मध्ये, म्हणजे सदतीस वर्षांनी. गॉर्डन हॉल १८१३मध्ये मुंबईत आले, मराठी शिकले, मराठी नव्या कराराचे काम केले आणि १८२६मध्ये त्र्यंबकेश्वराच्या बाजूला पटकीच्या साथीत त्यांचा अंत झाला. डॉ. विल्यम वानलेस १८८९मध्ये भारतात आले आणि जवळजवळ चार दशके राहिले. मिरजेचे रुग्णालय त्या मुक्कामातून उभे राहिले. या लोकांच्या कामावर सत्तेची सावली होती, आणि त्यांच्या मतांशी आज वाद घालता येईल. पण चुकांची किंमत त्यांना इथेच राहून, याच लोकांच्या नजरेसमोर मोजावी लागली. म्हणून त्यांना शिकावे लागले. इतका मुक्काम असूनही परकी सत्ता उरतेच. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७मध्ये अमेरिकन मराठी मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ काढला तो त्यामुळेच. आयुष्य काढलेल्यांकडूनही निर्णय स्थानिकांच्या हाती जायला इतकी ओढाताण झाली, तर दहा दिवसांच्या पाहुण्यांकडून ते आपोआप होईल, ही अपेक्षाच भाबडी आहे.

मग कुणी कुठे जाऊच नये का? जावे, पण काही अटींवर. बोलावणे स्थानिक मंडळीकडून आलेले असावे आणि ‘यंदा नको’ म्हणण्याचा तिचा अधिकार निधीशी बांधलेला नसावा. जे काम तिथला माणूस करू शकतो ते पाहुण्याने हाती घेऊ नये, त्याच्या मजुरीला पैसे द्यावेत. डॉक्टर किंवा परिचारिका जात असेल तर तिथल्या डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि पुढच्या उपचारांची सोय झाल्यावरच जावे. अनाथाश्रमाची भेट कार्यक्रमातून कायमची काढून टाकावी. आपल्या सरकारने किंवा यजमान देशाने नको म्हटलेल्या जागी गट नेऊ नये. आणि दौऱ्याचा हिशेब परतल्यावर दोन वर्षांनी, यजमानांच्या तोंडून, पाहुणे समोर नसताना घेतला जावा.

या अटी घातल्या तर बहुतेक दौरे होणार नाहीत. मंडळ्यांना हे कबूल करणे जड जाईल, कारण दौरा रद्द झाला की तरुणांचा उत्साह मावळतो, निधी आटतो, साक्षीचा रविवार रिकामा जातो. पण हे सगळे नुकसान पाठवणाऱ्यांचे आहे आणि ते त्यांना परवडणारे आहे. होणाऱ्या दौऱ्याचे नुकसान ज्यांच्यावर पडते त्यांना ते परवडणारे नाही, आणि पाठवणाऱ्यांच्या बैठकीत त्यांना खुर्चीही नाही. ती खुर्ची देण्याची ज्या मंडळीची तयारी नाही, तिने तिकिटे काढू नयेत. तिकिटांचे पैसे यजमानांकडे पाठवून द्यावेत आणि त्यांचे काय करायचे ते त्यांना ठरवू द्यावे.